बहावा खरेच कधी फुलला?

२०२० सालच्या जून महिन्यातील ही हकीकत आहे. करोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद होती. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात शिकणारा विरेंदर भारद्वाज हा विद्यार्थी हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात आपल्या घरी होता. दूर कोठे जाता येत नव्हते, म्हणून तो घराच्या परसात आणि आसपास दिसणाऱ्या साप, सरडे, बेडूक, कीटक यांची छायाचित्रे घेई आणि ती इन्स्टाग्रामवर टाकी. ५ जूनला त्याने एका सापाचे छायाचित्र टाकले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करणारे झीशान मिर्झा यांच्या ते नजरेस पडले. साप कुकरी जातीचा होता हे तर उघड होते, पण नेहमीच्या कुकरी सापाशी तो पुरता जुळत नव्हता.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. छायाचित्र पाहून ‘नवी जात सापडली’ असे कोणी जाहीर केले नाही. टाळेबंदीमुळे प्रयोगशाळा बंद होत्या, तेव्हा थांबावे लागले. नंतर त्याच जागेहून मिळालेल्या सापांच्या खवल्यांची मांडणी, कवटीची रचना आणि डीएनए तपासण्यात आले. संग्रहालयातील नमुन्यांशी तुलना झाली. मग डिसेंबर २०२१ मध्ये ही जात विज्ञानाला नवी असल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चंबा जिल्ह्यातील चुराह खोऱ्यावरून सापाला नाव मिळाले ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’. म्हणजे परसातील एका छायाचित्राने नेमके कोठे शोधावे, हे शास्त्रज्ञांना सांगितले. तेच चित्र दहा जणांच्या मोबाइलमधून फिरत फिरत, कोणी आणि कोठे काढले याचा पत्ता न लागता मिर्झांपर्यंत आले असते, तर त्यांनी शोधायला जायचे कोठे?

आता आपण चंब्याहून बदलापूरला येऊ.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जतच्या लोहमार्गाने निघाले की कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ अशी गजबजलेली स्थानके मागे पडतात आणि सुमारे ६८ किलोमीटरवर बदलापूर लागते. शहराला उल्हास नदी वळसा घालून जाते. एका बाजूला चंदेरी आणि मलंगगडाची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला बारवी धरणाचे जंगल. येथील जांभळे प्रसिद्ध आहेत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण गावाचे शहर झाले ते फार झपाट्याने. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत १ लाख ७४ हजारांवर गेली. जेथे माणसे इतक्या वेगाने वाढतात तेथे झाडे, ओढे, माळ यांत काय बदल झाला, हे दहा वर्षांनी सांगायचे कोणी? पालिकेच्या दप्तरात रस्ते आणि इमारती सापडतील. स्थानकाजवळचे जांभळाचे झाड कोणत्या वर्षापर्यंत फळे धरत होते, हे तेथे सापडणार नाही. ते तुमच्या घरातील मोबाइलमध्ये सापडण्याचा संभव मात्र आहे.

छायाचित्रे जमवून एकमेकांना दाखवण्याची हौस आपल्याकडे बरीच जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कॅमेरा ही वस्तू तेव्हा युरोपातही नवलाईची होती! डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. काचेच्या पट्ट्यांवर रसायने लावून चित्र घ्यायचे, तेव्हा दिवसाला चार चित्रे झाली तरी पुष्कळ. पुढे फिल्मची गुंडाळी आली. तिच्यावर बहुधा ३६ चित्रे मावत, आणि प्रत्येक वेळी कळ दाबताना पैशाचा विचार करावा लागे. आज तुम्ही एका सहलीत तीनशे चित्रे काढता. अडचण आता निराळीच आहे. एवढ्या चित्रांचे करायचे काय?

यावर जगभर एक छान युक्ती निघाली आहे. सर्वांना एकच विषय द्यायचा, मुदत ठरवून द्यायची आणि त्या विषयाची छायाचित्रे एकत्र आणायची. २०१६ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतील निसर्ग-संग्रहालयांनी अशी चुरस लावली. कोणत्या शहरात आठ दिवसांत जास्त जातींचे सजीव टिपले जातात, एवढाच प्रश्न! १००० हून अधिक लोकांनी मिळून २०,००० हून अधिक नोंदी केल्या. हेच ते ‘सिटी नेचर चॅलेंज’. २०१८ पासून त्यात अमेरिकेबाहेरील शहरे आली, आणि आता भारतातील शहरेही दरवर्षी उतरतात. नोंदी ज्या ‘आय-नॅचरलिस्ट’ या सोयीवर होतात, तीही मुळात २००८ साली बर्कले येथील तीन विद्यार्थ्यांनी पदवीसाठी केलेला एक प्रकल्प होती. आपल्या देशात सप्टेंबर महिन्यात फुलपाखरांचा महिना साजरा होतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंगांची नोंद होते. हे पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येणारे; संक्रांतीचे नव्हेत.

पण परक्या पंचांगाचे विषय आपल्याला नेहमी जुळतातच असे नाही. सिटी नेचर चॅलेंज एप्रिलच्या अखेरीस येते. त्या वेळी उत्तरेकडील देशांत वसंत असतो. बदलापुरात माळ करपलेला असतो आणि बेडूक शोधूनही सापडायचा नाही. येथे खरी धांदल उडते ती जूनपासून. म्हणून शाळेने आपले विषय आपल्या ऋतूंप्रमाणे ठरवावेत. चैत्र-वैशाखात बहावा आणि जांभूळ, आषाढात बेडूक आणि पतंग, श्रावणापासून तेरडा आणि डोंगरावरील सोनकी. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० मधले आहे; त्याच्यासारख्या जुन्या दगडी भिंतींवर दगडफूल आणि शेवाळ कोणत्या बाजूला अधिक आहे, हा पावसाळ्यानंतरचा एक सुरेख विषय होईल. ‘सर्वांत सुंदर फूल’ हा विषय मात्र शक्यतो देऊ नये असे मला वाटते. त्यातून एक सुंदर फूल मिळते, आणि माहिती काहीच मिळत नाही. कसे ते पाहू.

बहाव्याबद्दल तुम्ही एक समजूत ऐकली असेल. बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस येतो! कोणी ६० दिवस म्हणतात. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्याधमक झुंबरांचे छायाचित्र आणि खाली ही ओळ, असा संदेश मोबाइलवरून फिरतो. ही समजूत खरी की खोटी, हे वादाने ठरत नाही. ते मोजून ठरवता येते, आणि त्यासाठी लागणारे साधन तुमच्या खिशात आहे.

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याची तारीख हवामान खाते दरवर्षी जाहीर करते. सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. २०२३ साली पाऊस २५ जूनला आला, आणि २०२५ साली चक्क २६ मेला. दोन वर्षांत बरोबर ३० दिवसांचा फरक! आता उलटे मोजा. ४५ दिवसांचा नियम खरा असेल, तर बहावा २०२३ मध्ये ११ मेच्या सुमारास आणि २०२५ मध्ये ११ एप्रिलच्या सुमारास फुलायला हवा होता. तसा फुलला होता का? घरातील मोबाइल उघडा, आईबाबांना, शेजाऱ्यांना विचारा. त्या दोन वर्षांची बहाव्याची छायाचित्रे सापडली तर त्यांवरील तारखा पाहा.

येथे पहिली गोम लक्षात येईल. मोबाइलने काढलेल्या मूळ चित्राच्या आत तारीख, वेळ, आणि परवानगी दिली असेल तर स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. पण तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही आतली नोंद गळून पडते. (दस्तऐवज म्हणून पाठवले तर ती टिकते.) म्हणून पुढे ढकलत आलेला बहावा या वर्षीचा की तीन वर्षांपूर्वीचा, बदलापूरचा की नागपूरचा, हे कळायला मार्ग नाही. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

दुसरी गोम अधिक खोल आहे. लोक बहाव्याचे छायाचित्र काढतात ते तो फुलल्यावर. फुलण्याच्या आदल्या दिवशीच्या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. २ मेचे चित्र तुमच्याकडे आहे, म्हणजे बहावा २ मेला फुलला होता एवढेच सिद्ध होते. तो २० एप्रिलपासून फुललेला असेल आणि तुम्ही त्या रस्त्याने २ मेला गेला असाल. फुलण्याचा आरंभ पकडायचा तर ‘अजून फूल नाही’ असे दाखवणारे चित्रही हवे. विज्ञानात ‘नाही’ ही नोंदसुद्धा ‘आहे’ इतकीच मोलाची असते.

म्हणून आव्हान असे द्यावे : एक झाड, दर रविवार. मार्चच्या पहिल्या रविवारपासून जूनअखेरपर्यंत त्याच झाडाचे, त्याच जागी उभे राहून छायाचित्र घ्यायचे. झाड ओकेबोके असो, पाने गळत असोत, चित्र घ्यायचेच. उभे राहण्याची जागा एखाद्या खांबाशी किंवा पायरीशी पक्की करा. आपल्या देशात ‘सीझनवॉच’ या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक ठरावीक झाडे अशीच आठवड्याला पाहून पाने, फुले, फळे यांची नोंद करतात. बहावा, जांभूळ, आंबा, फणस ही आपली ओळखीची झाडे त्यात आहेत. वर्गात चाळीस मुले असतील तर चाळीस झाडे होतात. एका झाडावरून नियम काढता येत नाही. एखादे झाड नळाच्या गळतीजवळ असते, एखादे भिंतीच्या आडोशाला. ‘फुलला’ म्हणजे काय, हेही आधी ठरवून घ्या. पहिले फूल उमलले तो दिवस, की निम्मे झाड पिवळे झाले तो दिवस? दोघांनी दोन अर्थ धरले तर आठ-दहा दिवसांचा घोळ तेथेच होईल.

आणि झाड बहाव्याचेच आहे ना, हे पाहा! रस्त्याकडेला लावलेला सोनमोहरही पिवळा फुलतो आणि पुष्कळांना फसवतो. सोनमोहराचे तुरे वर उभे राहतात, बहाव्याचे घोस खाली लोंबतात. सोनमोहराची पाने गुलमोहरासारखी बारीक पर्णिकांची. बहाव्याच्या पर्णिका मोठ्या, पानाला चार ते आठ जोड्या. सोनमोहराची शेंग चपटी तांबूस, बहाव्याची काठीसारखी लांब, गोल आणि काळपट. नुसत्या पिवळ्या गुच्छाच्या चित्रावरून हे ठरत नाही. म्हणून पूर्ण झाड, पान, साल, फूल, शेंग अशी वेगवेगळी चित्रे घ्यावीत आणि एकात तरी शेजारी मोजपट्टी ठेवावी. मोबाइलमधील ओळख सांगणारी सोय नाव सुचवते खरी, पण ते सुचवणे असते. ‘आय-नॅचरलिस्ट’वरही तारीख, स्थळ आणि पुरावा असल्यावर, नाव देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले तरच नोंद संशोधनाच्या दर्जाची धरतात.

रंगांच्या बाबतीत कॅमेरा थोडा लबाड आहे. ढगाळ दिवस असो की कडक ऊन, तो आपल्या हिशेबाने उजळपणा आणि रंग सावरून घेतो. चंदेरीचा डोंगर मेमध्ये किती करडा होता आणि जुलैत किती हिरवा झाला, याची तुलना करायची तर चित्राच्या एका कोपऱ्यात पांढरा कागद धरा. दोन्ही चित्रांत कागद सारखाच पांढरा दिसतो का ते पाहा. नसेल तर हिरवेपणावरही विश्वास ठेवू नका.

बदलापूरच्या विद्यार्थ्यांना एक सवलत अशी आहे, की जी दुसऱ्या पुष्कळ गावांना नाही. येथील अनेक कुटुंबे कोकण, खानदेश, विदर्भ, घाटावरून आलेली आहेत आणि मेच्या सुट्टीत मुले आपापल्या गावी पांगतात. तेव्हा ‘प्रवास’ या विषयाची छायाचित्रे म्हणजे देऊळ आणि धबधबा असे का असावे? ज्या आठवड्यात बदलापुरात जांभूळ पिकते, त्याच आठवड्यात साताऱ्याजवळचे जांभूळ कोणत्या अवस्थेत आहे? जळगावचे? सावंतवाडीचे? सुट्टी संपल्यावर ही चित्रे महाराष्ट्राच्या नकाशावर चिकटवली की समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाऊस यांचा फळावर काय परिणाम होतो, हे वर्गाच्या भिंतीवर दिसू लागेल. हा धडा कोणत्याही पुस्तकात इतका तुमचा स्वतःचा असणार नाही.

मेमधील आणखी एक विषय घरबसल्या होण्यासारखा आहे : सावली. बदलापूरचे अक्षांश सुमारे १९.१६ अंश उत्तर. सूर्य वर्षातून दोनदा येथे बरोबर डोक्यावर येतो. १६ मे आणि २७ जुलै या तारखांच्या आसपास. जुलैत ढग असतात, तेव्हा मेचाच भरवसा धरावा. पण घड्याळात बारा वाजता गच्चीवर गेलात तर निराशा होईल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि बदलापूर आहे सुमारे ७३.२३ अंशांवर. फरक ९.२७ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सुमारे ३७ मिनिटे. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ ४ मिनिटे पुढे असतो, ती वजा करा. उत्तर येते १२ वाजून ३३ मिनिटे. एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करा आणि १२.१५ पासून दर चार मिनिटांनी छायाचित्र घ्या. सावलीचे टोक दर खेपेस सुमारे १६ मिलिमीटर सरकलेले दिसेल. पश्चिमेकडून काठीच्या बुंध्याशी येऊन ते पूर्वेला जाईल. गावी गेलेल्या मित्रांनाही हेच करायला सांगा. त्यांची तारीख आणि वेळ वेगळी का आली, याचे उत्तर त्यांनी स्वतः काढावे.

स्थळाची नोंद करा असे मी वर सांगितले. त्याला एक अपवाद आहे, आणि तो गंभीर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले की जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते. आपल्या झाडाला ते उत्तम. पण कोकणातील खवले मांजराचे बीळ, किंवा घुबडाची ढोली? खवले मांजराची तस्करी होते, आणि चोरालाही नकाशा वाचता येतो. म्हणून ‘आय-नॅचरलिस्ट’वर संकटात असलेल्या जातींची जागा आपोआप अंधूक केली जाते : ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनात कोठेतरी, एवढेच लोकांना दिसते. बदलापूरजवळ हा चौकोन साधारण २२ किलोमीटर गुणिले २१ किलोमीटर भरतो. असे काही दिसले तर चित्र आधी शिक्षकांना दाखवावे, गटात टाकू नये. घरट्याचे छायाचित्र तर घेऊच नये. आपण जवळ गेल्याने पक्षी उठतो, आणि कावळा ते पाहत असतो. साप दिसला तर तो कुकरी आहे की मण्यार, याची खात्री करायला पुढे जाऊ नका. चंब्याची हकीकत आवडली असली, तरी हे पाळाच. पावसाळ्यात कोंडेश्वर, बारवी आणि उल्हासचे पात्र येथे पाण्याच्या कडेला जाऊन चित्रे काढण्याचा मोह होतो. पाणी चढायला मिनिटे पुरतात आणि माणसे बुडाली आहेत. प्रशासनाने मनाई केली असेल तेथे आव्हान संपले असे समजावे. शिवाय, वयाने लहान असाल तर नोंदी पालकांच्या किंवा शाळेच्या खात्यावरून कराव्यात आणि आपल्या घराचा नेमका पत्ता चित्रासोबत देऊ नये.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंगांसाठी मात्र घराबाहेर जावे लागत नाही. पावसाचा शिडकावा लागणार नाही अशा गच्चीच्या किंवा व्हरांड्याच्या कोपऱ्यात जुनी पांढरी चादर टांगा, तिच्यासमोर दिवा लावा. झाडीच्या बाजूचा कोपरा असला तर उत्तम. नेहमीच्या दिव्यापेक्षा जंबुपार किरण देणाऱ्या दिव्यावर पतंग जास्त येतात, पण त्याच्याकडे टक लावून पाहणे डोळ्यांना घातक असते. साधा दिवा पुरे. चादरीवर पेन्सिलीने दर सेंटीमीटरला खुणा केल्या की मोजपट्टीचे काम होते. दर अर्ध्या तासाने छायाचित्र घ्या आणि पाऊस होता की नाही, चंद्र होता की नाही, तेही लिहा. नशीब असेल तर दोन तळहातांएवढा ॲटलास पतंग येऊन बसेल. त्याला खाण्यासाठी मुखांगेच नसतात. सुरवंट असताना जे खाल्ले असेल त्यावर तो थोडे दिवस जगतो, म्हणून त्याला हात लावून दमवू नका. दहाच्या सुमारास दिवा मालवा आणि चादर हलकेच झाडीजवळ झटका. रात्रभर तशीच ठेवलीत, तर उजाडताच दयाळ आणि बुलबुल येऊन तुमची सगळी नोंद फस्त करतील.